आई-बाबांना घेऊन पाच दिवसांचं काश्मीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी-पासष्टी ओलांडलेले, चालते-फिरते, पण गुडघा, बीपी किंवा साखर यांपैकी काहीतरी सोबत असलेले आई किंवा बाबा डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. मुक्काम श्रीनगरला, चार रात्री, येणं-जाणं विमानाने आणि हाताशी स्वतंत्र गाडी, असं धरून चाललो आहोत. मोठ्या ग्रुपच्या बसने जाणार असाल तर वेळापत्रक तुमच्या हातात नसेल. तरी औषधं, सिमकार्ड आणि विमानतळ यांबद्दलचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

कोणता महिना चांगला?

वयस्कर माणसांसाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची वीस तारीख. हवा कोरडी असते, आकाश स्वच्छ असतं, दुपारी वीस-पंचवीस अंशांच्या आसपास ऊन मिळतं आणि शाळेच्या सुट्ट्यांची झुंबड नसते. ऑक्टोबरअखेर चिनार लाल व्हायला लागतात, पाम्पोरच्या शेतात केशर फुलतं. मात्र सकाळ-संध्याकाळ थंडी चांगलीच चावते.

ट्युलिप बघायचेच असतील तर एप्रिलला पर्याय नाही. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्युलिप बाग २००७ मध्ये सुरू झाली. साधारण मार्चअखेर उघडते आणि तीन-चार आठवड्यांत मिटते. नेमकी तारीख थंडीवर ठरते. एप्रिलात पाऊसही असतो, म्हणून एक दिवस हाताशी राखून ठेवा. मे महिना हवेला उत्तम आणि गर्दीला वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेमुळे पहलगाम आणि सोनमर्ग या दोन्ही रस्त्यांवर ताफ्यांच्या वेळा पाळाव्या लागतात, गाड्या तासन्‌तास अडकतात.

बर्फासाठी डिसेंबर-जानेवारीत न्यावं का, असंही विचारलं जातं. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे तिथला ‘चिल्लई कलान’. नळ गोठतात, फुटपाथवर काचेसारखा बर्फ जमतो, धुक्याने आणि बर्फाने विमानं रद्द होतात. घसरून मांडीचं हाड मोडणं हा या वयातला सगळ्यात महागडा अपघात आहे. बर्फच हवा असेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गला भरपूर असतो आणि श्रीनगर तोवर सावरलेलं असतं.

चार रात्रींत काय काय बसतं?

सहलीच्या जाहिरातीत गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, दूधपथरी आणि श्रीनगर सगळं चार रात्रींत बसवलेलं दिसतं. कागदावर ते बसतं. प्रत्यक्षात रोज पाच-सहा तास गाडीत जातात आणि तिसऱ्या दिवशी आई म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी खोलीतच थांबते.’

आमच्या मते चार रात्रींत एकच लांबचा दिवस ठेवावा, फार तर दोन, आणि दोन लांबच्या दिवसांमध्ये एक हलका दिवस हवाच. पहिला दिवस: पोचणं, जेवण, दोन तास झोप, संध्याकाळी बुलेवार्ड रस्त्यावर दाल तलावाकाठी सपाट जागेत फेरी. दुसरा: सकाळी एक-दोन मुघल बागा, दुपारी विश्रांती, चारनंतर शिकारा, म्हणजे दाल तलावातली छताची होडी. तिसरा: गुलमर्ग. चौथा: उशिरा उठणं, अर्ध्या दिवसात खीर भवानी देवीचं मंदिर, उरलेल्या वेळात खरेदी. पाचवा: परतीचं विमान. पहलगाम हवंच असेल तर पाचवी रात्र वाढवा, नाहीतर गुलमर्ग सोडा.

गुलमर्ग की पहलगाम?

पालकांकडे बघून ठरवा. पहलगाम जास्त लांब आहे, श्रीनगरहून सुमारे ९५ किलोमीटर, एका बाजूला अडीच-तीन तास. पण उंची जेमतेम २,१५० मीटर, रस्ता बराचसा सपाट, आणि लिद्दर नदीच्या काठी खुर्ची टाकून बसलं तरी गेल्याचं सार्थक होतं. वाटेत अवंतिपूरला नवव्या शतकातल्या अवंतिवर्म्याच्या मंदिराचे अवशेष रस्त्याला लागूनच आहेत, पाय मोकळे करायला जागा चांगली. दमा, हृदयविकार किंवा उंचीची धास्ती असेल तर पहलगाम.

गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर, दीड-दोन तास. शेवटचे तेरा किलोमीटर, तंगमर्गपासून वर, वळणांचे. उंची २,६५० मीटर. गाडी लागणाऱ्यांना तंगमर्गच्या आधी पुढच्या सीटवर बसवा आणि गोळी श्रीनगरहून निघतानाच द्या. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी उपयोगी पडत नाही.

सोनमर्ग सुमारे ८० किलोमीटर. जानेवारी २०२५ मध्ये साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून रस्ता बारमाही झाला. थाजिवास हिमनदीकडे मात्र घोडा किंवा तिथली गाडी करावी लागते. पालकांसोबतच्या छोट्या सहलीत तिघांपैकी हेच पहिलं गाळावं.

उंचीचा त्रास होईल का? डायमॉक्स द्यावी का?

श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे. विमानाच्या केबिनमधला दाबही प्रवासात साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका असतो, म्हणजे विमानप्रवास झेपणाऱ्या माणसाला श्रीनगरच्या उंचीचा त्रास सहसा होत नाही. गुलमर्गला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्के उरतो. दिवसा जाऊन संध्याकाळी उतरणाऱ्याला थोडी धाप आणि थोडं डोकं जड होणं एवढंच होतं. उंचीचा खरा आजार बहुतेकदा २,५०० मीटरच्या वर रात्री झोपल्यावर उद्भवतो. म्हणून वयस्करांनी गुलमर्गला मुक्काम करू नये, दिवसाचीच फेरी करावी.

अशा सहलीत डायमॉक्सची, म्हणजे असिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या गोळीची, गरज सहसा पडत नाही. ती लघवी वाढवते, हातापायांना मुंग्या आणते, आणि सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टरांशिवाय देऊ नये. शेजारच्यांनी लेहला नेली होती म्हणून आपणही न्यायची, हे कारण पुरेसं नाही.

गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात झाला असेल, किंवा घरी ऑक्सिजन लागत असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि प्रश्न नेमका विचारा: ‘दोन तासांसाठी तीन हजार मीटरवर नेलं तर चालेल का?’ नुसतं ‘काश्मीरला जाऊ का’ विचारलं की उत्तरही तसंच मोघम मिळतं.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. न थांबता दोन मजले चढून वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं का ते बघा. येत नसेल तर गुलमर्गचा गंडोला, म्हणजे केबल कार, सोडून द्या आणि डॉक्टरांना हेही सांगा.

गंडोलात बसवावं का?

पहिला टप्पा, हो. दुसरा, नाही.

पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला जातो, तीन हजार मीटरच्या थोडं वर. दुसरा अफरवटला, जवळपास ३,९५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६१ टक्के. सकाळी १,५८५ मीटरवर नाश्ता केलेला माणूस दुपारी बारापूर्वी तिथे पोचतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. शिवाय वर वारा सुटला की दुसरा टप्पा आधी बंद होतो आणि खाली यायला मोठी रांग लागते.

तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरूनच काढा, जाण्याची तारीख ठरल्या ठरल्या. हंगामात ती संपतात. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्र जुळावं लागतं, म्हणून आईचं नाव आधारवर आहे तसंच टाका. ‘साहेब, तिकीट मिळवून देतो’ म्हणणारे पार्किंगमध्ये भेटतातच. त्यांच्याकडून घेतलेलं तिकीट दुसऱ्याच्या नावाचं निघालं तर प्रवेशद्वारावरून परतावं लागतं.

आता खरी अडचण. पार्किंगपासून गंडोलाच्या स्थानकापर्यंत साधारण एक किलोमीटर चालायचं असतं. घोडेवाले आणि हिवाळ्यात स्लेजवाले ते अंतर तीन-चार किलोमीटर सांगतात. घोड्यावर चढताना पाय पाऊणशे सेंटिमीटर उचलून पलीकडे टाकावा लागतो, गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर नकोच. त्यापेक्षा संथ चाला, वाटेत दोनदा बसा. हे आधीच ठरवून निघालात तर अर्धा तास पुरतो.

केबिन सहा जणांची असते आणि स्थानकात पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत राहते. चढताना आधी तुम्ही आत जा, मग आईचा हात धरा. उतरताना उलट: तुम्ही आधी बाहेर, मग त्या. चढण्यापूर्वीच कर्मचाऱ्याला ‘बुजुर्ग हैं’ एवढं सांगितलं की बहुतेक वेळा मदत मिळते. पर्स, काठी, शाल हे सगळं तुमच्याकडे घ्या, त्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत.

बर्फ असताना श्रीनगरची गाडी तंगमर्गलाच थांबवतात आणि पुढे साखळी लावलेली गाडी करावी लागते. लांब कोट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात. कोट घ्यायला हरकत नाही. बूट मात्र मापाचे आणि तळ झिजलेले नाहीत ना, ते उलटे करून बघा.

पहलगामला गाडी बदलावी का लागते?

कारण तिथली अंतर्गत फिरस्ती स्थानिक टॅक्सी युनियनकडे आहे. तुमची श्रीनगरची गाडी पहलगामपर्यंत नेते. बेताब व्हॅली (सुमारे ७ किलोमीटर), आरू (१२) आणि चंदनवाडी (१६) यांसाठी युनियनच्या स्टँडवरून गाडी घ्यावी लागते. दरफलक तिथेच लावलेला असतो, त्यावरून ठरवा. तिन्ही ठिकाणं एकदम करू नका. बेताब व्हॅलीत आत सपाट वाटा आहेत, आई-बाबांसाठी ती एक पुरे.

श्रीनगरची गाडी ठरवताना ‘सगळं फिरवणार’ असं तोंडी वचन मिळालेलं असतं. त्यात युनियनच्या गाडीचे पैसे धरलेले नसतात. वाद होतो तो इथेच.

सुरक्षिततेचं काय?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात पर्यटकांवर हल्ला झाला, २६ जण मारले गेले. त्यानंतर सरकारने खोऱ्यातली ४८ पर्यटनस्थळं बंद केली आणि जूनपासून टप्प्याटप्प्याने उघडायला घेतली. त्यामुळे यादीतलं प्रत्येक ठिकाण आज उघडं आहे का, हे निघण्याच्या आठवड्यात हॉटेल आणि पर्यटन खात्याकडून विचारून घ्या. जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

जायचं की नाही हा निर्णय घरातल्यांनी मिळून घ्यायचा. आम्ही फक्त व्यवहाराचं सांगतो. विमान आणि हॉटेल दोन्ही रद्द करता येईल असंच घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. प्रवास विम्यात दहशतवादी घटनेमुळे झालेलं नुकसान धरलं आहे की वगळलं आहे, ते कलम वाचा. अंधार पडायच्या आत शहरात परता. जवान, चौक्या, ताफे यांचे फोटो काढू नका. विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथेही नको.

विमान की रेल्वे?

पालकांसाठी विमान. मुंबईहून थेट विमानाला सुमारे पावणेतीन तास लागतात. पुण्याहून थेट मिळालं नाही आणि दिल्लीला बदलावं लागलं, तर दोन विमानांमध्ये किमान अडीच तास ठेवा. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला सगळ्यात शेवटी उतरवतात, हे हिशेबात धरायचं राहून जातं.

जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल त्याच मार्गावर आहे. कटऱ्याहून साधारण तीन तास. बघण्यासारखा प्रवास आहे यात शंका नाही, पण महाराष्ट्रातून जम्मूपर्यंत दीड दिवस, मग गाडी बदलणं, सामानाची चढ-उतार. पाच दिवसांच्या सहलीत ते जमत नाही. जम्मू-श्रीनगर महामार्गाने गाडीने जाणं तर नकोच. रामबनच्या पट्ट्यात दरड कोसळली की दहा-बारा तास रस्त्यावरच जातात.

आईचा फोन तिथे चालेल का?

प्रीपेड असेल तर नाही. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये बंद पडतात, फक्त पोस्टपेड चालतात. हे माहीत असणारेही एक गोष्ट विसरतात: सिम बंद म्हणजे बँकेचा ओटीपीही बंद. बाबांच्या खात्यातून पैसे भरायचा बेत असेल तर तो श्रीनगरला उतरल्यावर कोसळतो.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस एखादा नंबर पोस्टपेड करून घ्या, बदल व्हायला वेळ लागू शकतो. नाहीतर श्रीनगरला आधार दाखवून स्थानिक प्रीपेड सिम घेता येतं. बागेत चुकामूक झाली तर काय, यासाठी दोघांकडेही चालू फोन हवेत. हॉटेलचं नाव, पत्ता, गाडीवाल्याचा नंबर आणि औषधांची यादी एका कागदावर लिहून पालकांच्या खिशात ठेवा. काही हजार रुपये रोखही वेगळे ठेवा, शंभर-दोनशेच्या नोटांत.

हाउसबोटीत राहायचं का?

आईला राहायचंच असेल तर एक रात्र, आणि तीही रस्त्यावरून पायी जाता येईल अशा बोटीत. तलावाच्या मध्यावरच्या बोटीला प्रत्येक वेळी शिकाऱ्याने जावं-यावं लागतं. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर आधी नावाडी उठवायचा, मग घाट गाठायचा, मग गाडी शोधायची. ही वीस-पंचवीस मिनिटं कोणीही आधी मोजत नाही. निगीन तलाव दालपेक्षा शांत आहे आणि तिथे काठाला लागून असलेल्या बोटी मिळतात.

बुकिंगआधी फोन करून विचारा: बोटीत चढायच्या पायऱ्या किती, कठडा आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत. थंडीत खोली बुखारीने, म्हणजे धुराड्याच्या शेगडीने, तापवतात. लाकूड-कोळशाची बुखारी पेटती ठेवून खिडक्या घट्ट बंद करून झोपलात तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. झोपण्यापूर्वी विझवा आणि एक झडप बोटभर उघडी ठेवा. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची हातातली शेगडी, अंथरुणात कधीच घेऊ नका.

बाकी रात्री हॉटेलात. राजबाग किंवा बुलेवार्डच्या बाजूला घ्या. बऱ्याच हॉटेलांना लिफ्ट नाही, तेव्हा ‘तळमजल्याची खोली’ हे बुकिंगमध्ये लिहून घ्या. अंथरुणात इलेक्ट्रिक ब्लँकेट असतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी ते झोपण्यापूर्वी वीस मिनिटं लावून मग बंद करावं, चटका बसलेला कळत नाही.

शिकाऱ्यात बसताना गुडघ्यांचं काय?

बसणं सोपं, उठणं अवघड. शिकाऱ्याची गादी जवळजवळ तळाला असते, पाय पुढे पसरून रेलायचं. ज्यांना भारतीय संडासावर बसता येत नाही, त्यांना शिकाऱ्यातून उठताना हमखास त्रास होतो. दोन जाड उशा मागून गादी उंच करून घ्या. घाट रुंद, कोरड्या पायऱ्यांचा निवडा. बुलेवार्डवर घाटांना क्रमांक आहेत, आधी पायी जाऊन बघून या. बोट दोन्ही टोकांना धरलेली असतानाच पाय टाकायचा, आणि तो काठावर नाही, बोटीच्या मधोमध. उतरताना आधी कुशीवर वळायचं, मग गुडघ्यावर, मग नावाड्याचा हात.

सरकारी दरफलक घाटावर असतो. तासाचा दर ठरवा, ‘पॉइंट’चा, म्हणजे दाखवायच्या ठिकाणांचा, नाही. एक तास पुरतो. वाऱ्याला माकडटोपी विसरू नका, फोटोत कितीही वाईट दिसली तरी. लाइफ जॅकेट मागून घ्या. पाण्यावर कहवा, केशर, दागिने विकणाऱ्या होड्या बाजूला येऊन चिकटतात. एकदाच ठामपणे ‘नको, शुक्रिया’ म्हणायचं आणि मालाला हात लावायचा नाही.

पायऱ्या कुठे जास्त, कुठे कमी?

शालिमार बाग सगळ्यात सोपी. जहांगीराने १६१९ मध्ये घडवलेली, लांबलचक आणि हळूहळू चढणारी. निशातला बारा टप्पे एकावर एक आहेत. खालचे दोन-तीन चढलात तरी मागे वळून दाल तलाव दिसतो, वरपर्यंत जायची सक्ती नाही. चष्मेशाही लहान आहे पण सुरुवातीलाच चढाच्या पायऱ्या आहेत.

शंकराचार्य टेकडीवर गाडी बरीच वर जाते. तिथून मंदिरापर्यंत सुमारे अडीचशे दगडी पायऱ्या, काही फूटभर उंच. मोबाइल वर नेऊ देत नाहीत, म्हणजे आई अर्ध्यावर थांबली आणि तुम्ही वर गेलात तर फोन लागणार नाही. एकत्र जा, नाहीतर एकत्र खाली थांबा.

दर्शनाची ओढ असेल तर तुळमुळ्याची खीर भवानी उत्तम. श्रीनगरपासून पंचवीसेक किलोमीटर, सपाट अंगण, चिनारांची सावली, मधोमध झऱ्याचं कुंड. दूध आणि खीर वाहतात. हजरतबलचा दर्गाही सपाट आहे, डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल ठेवा.

संडासाची सोय?

हा प्रश्न सगळे शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. खरं तर दिवसाचा बेत यावरच आखायला हवा. लघवीला जावं लागेल या धास्तीने वयस्कर माणसं पाणी पिणं बंद करतात. मग थंड, कोरड्या हवेत डोकं दुखतं, बीपी खाली-वर होतं आणि दोष उंचीवर जातो.

गाडीवाल्याला सकाळीच सांगा की दर सव्वा-दीड तासाने चांगल्या ठिकाणी थांबायचं. पहलगामच्या वाटेवर हॉटेलं आणि सफरचंदाच्या रसाची दुकानं आहेत, चहा घेतला की सोय विचारता येते. गुलमर्गला गंडोलात बसण्याआधी जाऊन या, रांगेत तास जाऊ शकतो. कमोड सगळीकडे मिळत नाही. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर घडीची कमोड खुर्ची डिकीत टाका किंवा प्रौढांचे डायपर त्या दिवसापुरते वापरा. लाज वाटते म्हणून नको म्हणतील. ‘फक्त गाडीत असेपर्यंत’ म्हटलं की ऐकतात.

लघवी वाढवणारी बीपीची गोळी लांबच्या दिवशी किती वाजता घ्यायची, हे घरी असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. स्वतःहून बंद करू नका.

औषधं कशी न्यावीत?

सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, प्रिस्क्रिप्शनसह, आणि दिवसांच्या दुप्पट. विमान रद्द झालं तर दोन-तीन दिवस वाढतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवेत, तोच ब्रँड तिथे मिळेलच असं नाही.

इन्सुलिन गोठलं की वाया जातं, पुन्हा वितळवून वापरता येत नाही. गुलमर्गला ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. चेक-इनच्या सामानातही टाकू नका. थंडीत ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतो किंवा चालतच नाही. गाडीत उबेला आणून पाच-दहा मिनिटांनी तपासा. जेवण लांबतंच, म्हणून साखरेच्या पुड्या हाताशी ठेवा.

ऑक्सिजनचे छोटे डबे विमानात नेता येत नाहीत. पल्स ऑक्सिमीटर न्या, पण बोटं गार असताना तो कमी आकडा दाखवतो. हात चोळून गरम करा, मग बघा. गुलमर्गला आकडा घरच्यापेक्षा थोडा खाली येणारच. बसून विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर आकड्याची वाट न बघता लगेच खाली उतरा.

मोठी सरकारी रुग्णालयं दोन: सौऱ्याचं शेर-ए-काश्मीर आयुर्विज्ञान संस्थान आणि करण नगरजवळचं एसएमएचएस. तातडीला १०८ किंवा ११२.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. श्रीनगरमध्ये दालगेट-बुलेवार्ड भागात शाकाहारी ढाबे आहेत. राजमा-भात, हाक म्हणजे तिथली पालेभाजी, दह्यातली नद्रू यखनी म्हणजे कमळाच्या देठाची भाजी, हे पोटाला सोसतं. रात्री नऊनंतर बाहेर काही मिळेल या भरवशावर राहू नका. कहवा हवा तेवढा द्या. गुलाबी नून चाय मात्र मिठाची असते, बीपीवाल्या बाबांना चवीपुरती घोटभर. लांबच्या दिवशी डब्यात दशम्या, गूळपोळी, खाकरा असं काहीतरी ठेवाच. डोंगरात दुपारचं जेवण वेळेवर मिळेल याची हमी नसते.

गाडी कोणती सांगावी?

सेडान फार खोल, टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी फार उंच. अर्टिगा किंवा इनोव्हा, पुढची सीट. घडीचं प्लॅस्टिक स्टूल पायाखाली ठेवायला डिकीत असू द्या. गाडी, चालक आणि रोजचा मार्ग आदल्या दिवशी संदेशावर लिहून घ्या.

आईला वैष्णोदेवीही करायचंय. जोडता येईल का?

पाच दिवसांत नको. श्रीनगरहून रेल्वेने कटरा तीन तासांवर आलं खरं, पण कटऱ्याहून भवन बारा-तेरा किलोमीटर चढ आहे. हेलिकॉप्टर सांझीछतला उतरवतं, तिथूनही सुमारे अडीच किलोमीटर राहतात, आणि हवा बिघडली की उड्डाण रद्द. किमान तीन दिवस वाढवा, किंवा ती वेगळी सहल करा. अमरनाथबद्दलही विचारणा होते. त्या यात्रेला सत्तरीपुढच्यांची नोंदणीच होत नाही.

केशर आणि पश्मिना खरेदी?

दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. केशर ग्रॅमवर घ्या, बंद डबीत, मानांकनाचं लेबल बघून. धागा कोमट पाण्यात टाकल्यावर रंग हळूहळू सुटायला हवा आणि धागा लालच राहायला हवा. झटकन लाल पाणी झालं की समजा रंग लावलेला आहे. गाडीवाला ज्या दुकानात आग्रहाने नेतो, तिथे चहा प्या, खरेदी दुसरीकडे करा.

परतीला विमानतळावर किती आधी पोचावं?

तीन तास. श्रीनगर विमानतळाची तपासणी इमारतीच्या बरीच अलीकडे सुरू होते. बाहेरच्या नाक्यावर सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, बॅगा यंत्रातून काढायच्या, अंगझडती द्यायची, पुन्हा गाडीत बसायचं. मग इमारतीच्या दाराशी पुन्हा बॅगांची तपासणी, नंतर चेक-इन, नंतर नेहमीची सुरक्षा तपासणी. विमान कंपनीची व्हीलचेअर इमारतीपाशी मिळते, बाहेरच्या नाक्यावर नाही. तिथे उभं राहवत नसेल तर जवानाला सांगा आणि घडीची काठी-खुर्ची जवळ ठेवा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी नोंदवा, आणि नेमकं सांगा: विमानाच्या पायऱ्या चढता येतात की नाही. नोंद नुसती ‘व्हीलचेअर’ अशी राहिली तर शिडीपर्यंत सोडतात आणि वर चढायचं तुमचं तुम्ही. चढता येत नसेल तर रॅम्प किंवा ॲम्बुलिफ्टची, म्हणजे व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत उचलणाऱ्या गाडीची, सोय त्यांना आधी करावी लागते.

कृत्रिम गुडघा किंवा खुबा असेल तर धातूशोधक वाजणारच. शस्त्रक्रियेचं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद वर ठेवा. पेसमेकर असेल तर झडती हाताने घ्यायला सांगा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला परत बोलावतात, आणि तेवढ्या वेळात आई कुठे बसणार आहे हे आधी ठरलेलं असू द्या.